हादरा आल्यावर कुणी काय उचलायचं

घर सोडून पळायची वेळ आली आणि एकच वस्तू उचलता येणार असली, तर तुम्ही कुठली उचलाल? नातीनं मोबाईलवरून हा प्रश्न वाचला आणि मी मोठ्यानं हसलो.

नात कराडला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकते. दोन दिवस सुट्टी होती म्हणून कराडशेजारच्या मलकापूरहून बापाबरोबर गाडीतनं आमच्याकडं वर आली होती. आमचं गाव कोयनानगरच्या वरच्या अंगाला. थंडीचे दिवस होते, ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. मी ओट्यावर बसलो होतो, बायको सुपात पावटा निवडत होती आणि मुलगा गाडी पुसत होता. सकाळपासून पोरीचं तेच चाललं होतं. असले प्रश्न मोबाईलवर येतात म्हणे, चार माणसं जमली की खेळायला.

"आबा, उडता आलं असतं तर कुठं गेला असता?"

"उडून कशाला जाऊ? घाटाला रस्ता हाय की."

"जन्मभर एकच पदार्थ खायचा असेल तर?"

"नाचणीची भाकरी."

"आणि तिच्यासोबत?"

"एकच म्हणालीस न्हवं?"

"बरं, पुढच्या जन्मी कोण व्हाल?"

"गवंडी."

"आणि गवंडी नाही होता आलं तर?"

"का न्हाई येणार? मला काम येत न्हाई व्हय?"

पोरीनं कपाळावर हात मारला. "आबा, समजा म्हणायचं असतं. नुसतं समजा."

मला ते समजा कधी आवडलं नाही. चौथीत शाळा सोडली आणि थापी हातात धरली, तेव्हापासून माझं एकच. भिंत ओळंब्यात असते नाहीतर नसते. ओळंब्यात आहे असं समजा म्हणून वर दगड चढवणारा गवंडी मी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर त्याच्याशी बोललो नसतो.

पण एक वस्तू उचलायच्या प्रश्नाला हसलो ते वेगळ्या कारणानं. आमच्या खोऱ्यात तो प्रश्नच नाही. ते ठरलेलं असतं.

मोठा हादरा झाला तेव्हा मला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. त्याच्याबद्दल शिकलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर आमच्या आईनं घरातल्या प्रत्येकाला एकेक काम लावून दिलं. जमीन हलली की बापानं गोठ्यात धावायचं आणि जनावरांची दावी सोडायची. आईनं धाकट्याला काखेत मारायचं. मी बियाण्याची पिशवी घ्यायची. पुढं मी गवंडीकाम शिकलो तेव्हा पिशवीच्या जागी हत्यारांची थैली आली. आजोबांनी काहीच उचलायचं नाही, फक्त कुणाच्या वाटेत यायचं नाही. आजूबाजूच्या घरांतही असंच होतं. पाहुणा मुक्कामाला आला की पान वाढायच्या आधी त्याला दार दाखवायचे आणि सांगायचे, "काय झालं तर ही कळशी तुमच्याकडं." घाटाखालनं आलेला पाहुणा कळशीकडं बघत जेवायचा.

माझं लग्न झालं आणि बायको नांदायला आली. दुसऱ्याच दिवशी आईनं तिला सांगितलं, "तू चूल बघायची." म्हणजे जमीन हलली की आधी चुलीवर पाणी ओतायचं, विस्तव विझला का बघायचं, मगच बाहेर यायचं. मला ते पटलं नाही. नव्या पोरीला सगळ्यात शेवटी बाहेर काढायचं हे काय? मी आईला तसं बोललो.

आई म्हणाली, "जिचा हात चुलीपाशी तिनं चूल बघायची. तू तितं असतोस व्हय कवा?"

नसायचोच मी तिथं.

त्याच साली पावसाळा सरता सरता एक बऱ्यापैकी हादरा आला. भर दिवसा, भाकऱ्या चालल्या असताना. आधी जमिनीतनं ट्रक गेल्यागत आवाज येतो, मग हलतं. बाप जनावरं घेऊन बाहेर, आई धाकट्याला घेऊन बाहेर, मी थैली घेऊन बाहेर. ही नाही. कौलं घसरून पडत होती. मी थैली टाकून परत दाराकडं वळलो तर ही आली. एका हातात रिकामा तांब्या, दुसऱ्या हातात फडक्यानं धरलेला तवा आणि तव्यावर भाकरी.

आई ओरडली, "अगं, तवा कशाला आणलास?"

"भाकरी करपली असती," ही म्हणाली.

माझा बाप सुनेसमोर कधी हसत नसे. त्या दिवशी बैलाच्या पाठीवर हात ठेवून असा हसला की डोळ्यात पाणी आलं. ती भाकरी आम्ही सगळ्यांनी अंगणातच मोडून खाल्ली. मोडताना मी पाहिलं, हिनं रिकामा तांब्या अजून छातीशी घट्ट धरला होता. म्हणजे भीती तिलाही वाटत होती, पण काम झाल्यावर. तेव्हाच मनात म्हटलं, आपल्या नशिबानं चांगलं माणूस घरात आलंय. तोंडानं बोललो नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत.

पुढं मी सांगली-मिरजेकडं कामाला गेलो. बंगल्यांची कामं असायची, सणाला तेवढा घरी यायचो. बाप गेला, धाकटा भाऊ मिलिटरीत गेला, आईचे पाय गेले. आईचं काम आणि स्वतःचं काम, दोन्ही हिच्यावर आली. चूल विझवायची, सासूला पाठंगुळीला घ्यायचं आणि पोराला पुढं घालून बाहेर पडायचं. हे तिनं किती वेळा केलं ते मला ठाऊक नाही. मी आलो की चहा देताना सांगायची, "मदी एकदा हलली हुती." पाऊस पडून गेल्याचं सांगावं तसं.

मग मी कायमचा परत आलो आणि जुनं घर उतरवून हे घर बांधलं. हे मी सांगणारच, कुणाला बढाई वाटली तर वाटू दे. दगडी बांधकाम कंबरेपर्यंतच ठेवलं, वर ऐनाच्या लाकडाची चौकट, डोक्यावर हलका पत्रा. वजन वर ठेवलंच नाही. इतक्या वर्षांत लहानमोठे हादरे येऊन गेले, भिंतीला केसाएवढी चीर नाही. लोक बघायला येतात. मुलगा मलकापूरला घर बांधून कितीदा म्हणाला, "आबा, आता खाली या." मी एकच सांगायचो, माझं घर पडत असलं तर येतो.

तर हे सगळं मी नातीला त्या सकाळी सांगितलं. ती मोबाईल मांडीवर पालथा ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "आता तुम्ही दोघंच आहात. आता कुणी काय उचलायचं?"

"माझी थैली," मी म्हणालो. "खुंटीलाच हाय."

"आणि आजी, तुझ्याकडं गॅस?"

बायकोनं सुपातनं मान वर केली नाही. "गॅस काय, जाता जाता बटाण फिरीवलं की झालं. मी ह्यास्नी घेते."

"कुणाला?"

"तुज्या आबास्नी."

मुलाचा गाडी पुसणारा हात थांबला. नात खुदकन हसली आणि माझं तोंड बघून तिनं मोबाईल तोंडापुढं धरला.

"मी काय गाठुडं हाय व्हय, घ्यायला?" मी म्हणालो.

"गाठुडं बरं. त्ये वरडत न्हाई."

दोन वर्षांपूर्वी शेवाळावरनं पाय घसरून माझं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डावा पाय तेव्हापासून मनासारखा उचलत नाही, हे खरं आहे. काठी दिलीय, ती मी घेत नाही, हेही खरं आहे. पण म्हणून मला कुणी उचलायचं? मला राग आला. नातीला म्हटलं, "थांब, दावतोच. मी आत जाऊन कॉटवर पडतो. तू हादरा म्हणून वरड. बघू कोण कुणाला घेतंय."

"आबा, ऱ्हाऊ द्या की," मुलगा म्हणाला.

"तू गाडी पूस."

आत जाऊन पडलो. बाहेरनं पोरगी ओरडली, "हादरा!" मी उठून बसलो, पाय खाली सोडले, आणि डावा पाय जमिनीला लागतोय तोवर बायको माझ्या शेजारी उभी. ओच्यातनं पावट्याच्या शेंगा सांडत होत्या. तिनं मला ओढलं नाही. डाव्या बगलेत खांदा घातला, आपलं पाऊल माझ्या पावलामागं लावलं आणि म्हणाली, "चला." तिच्या पावलानं माझा पाय पुढं पडत गेला. उंबऱ्यापाशी आलो. उंबरा मीच उंच बसवलाय, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. त्याच्या आतल्या बाजूला तिनं एक चपटा दगड टाकलेला होता. मला वाटायचं भाजी चिरायला बसते त्याच्यावर. त्या दगडावर पाय पडला आणि उंबरा कळलाच नाही. बाहेर आलो, ओट्यावर बसलो. मला धाप लागली होती. ती शेंगा गोळा करायला लागली.

"ह्ये कवा शिकलीस?" मी विचारलं.

"तुमी दवाखान्यातनं आल्यावर."

"कुणावर शिकलीस?"

"भाताच्या पोत्यावर."

नात म्हणाली, "आजी, खरंच?"

"मग काय. पोतं तुज्या आबापरास सुदं हाय. म्हटलं तसं चालतंय."

मुलगा तोंड फिरवून हसला. मीही हसलो असतो, पण मी घराकडं बघत होतो. कॉट गेल्या पावसाळ्यात भिंतीकडनं दाराकडं आली होती. विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, वारं येतंय हितं. वाटेतलं पिंप मागच्या पडवीत गेलं होतं. दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटायचं, हेही तेव्हापासूनच. घर मी बांधलं असं मी सगळ्यांना सांगतो. पण माझ्या एका पायासाठी हे घर आतनं सगळं परत मांडलं गेलं होतं आणि मला, बांधणाऱ्याला, दिसलं नव्हतं. असलं काम मी कुणाचं पाहिलं नाही. ओरड नाही, सांगणं नाही, कुणाला बोलवून दाखवणं नाही. मी एक कोपरा काटकोनात आणला तर चार माणसांना गुण्या लावून दाखवायचो.

नातीनं पुन्हा मोबाईल घेतला. "आजी, आता शेवटचा, तुझ्यासाठी. काहीही मागितलं तरी मिळेल, पण एकच. काय मागशील?"

मला वाटलं, नातीचं लग्न म्हणेल, नाहीतर काशी. ती सूप पाखडत होती. मग म्हणाली, "एक झोप मागीन. गाढ."

"म्हणजे?"

"म्हंजे झोप गं. पडलं की सकाळ."

"रोज तर झोपतीस की," मी म्हणालो.

"पडते. झोपता तुमी. तुमी घोरता आन् मी ऐकते."

"काय ऐकतीस?"

"फळीवरची ताटं."

आमच्याकडं पितळी ताटं फळीवर उभी ठेवतात, एकमेकाला टेकून. जमीन जरा हलली की ती आधी बोलतात. आणि हिचा कान असा की ताटं बोलायच्या आधी हिला कळतं. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. कुत्री भुंकायच्या आधी ही उठून बसलेली असते. मी ते कौतुकानं सांगत आलो, पाहुण्यांना, पोरांना, सांगलीच्या ठेकेदारालासुद्धा. आमच्या घरात हादरा ओळखायचं यंत्र आहे म्हणायचो. ते यंत्र झोपत नाही हे त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

मी म्हणालो, "माझ्या घरावर तुजा इस्वास न्हाई?"

"घरावर हाय," ती म्हणाली. "घर काय करंल? जमीन हाय ती."

यावर मुलगा काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. मलकापूरचं काढेल, मग मी त्याला झाडीन. पण तो परत गाडी पुसायला लागला. शहाणा आहे, आईवर गेलाय.

दुपारी मी एकटाच उठलो. घराभोवती एक फेरी मारली, भिंतीवरनं हात फिरवला. चांगली भिंत आहे. संध्याकाळी ती म्हशीखाली धार काढायला बसली तेव्हा गोठ्यात गेलो. सरळ विचारायचं म्हटलं तर ती सरळ सांगणार नाही, हे मला माहीत होतं. तुमचं घर, तुमची मर्जी, असं म्हणून मोकळी होणार. जन्मात तिनं मला कशाला अडवलं नाही की कशाला ढकललं नाही. मी दाराला टेकून उभा राहिलो, आणि जे कधी तोंडातनं काढलं नव्हतं ते काढलं.

"समजा," मी म्हणालो.

तिनं मागं वळून पाहिलं. "काय?"

"समजा गं. पोरगी म्हणती तसं. समजा आपण मलकापूरला ऱ्हायला गेलो. जायाचं न्हाई, नुसतं समजा. तर तितं गेल्यावर तू पयलं काय करशील?"

चरवीतला धारेचा आवाज थांबला.

"पयलं व्हय?"

"व्हय."

"दाराला कडी लावीन आन् झोपीन."

"तितं काय जमीन हलत न्हाई? कराडातबी हलती."

"हलू दे की. तितं ऐकाया दुसरी माणसं हायत. पोरगा हाय, सून हाय." मग पुन्हा धार काढायला लागली आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून म्हणाली, "मला आता तुमी पेलत न्हाई वो. सकाळी खांदा दिला न्हवं, तवापास्नं पाठ धरलीया. पोतं बी गेल्या महिन्यात पडलं हातातनं."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिची तक्रार एवढीच की पोतं पडलं.

मी घरात आलो आणि मुलाला म्हणालो, "पुढच्या महिन्यात आमी खाली येतूय. घर इकायचं न्हाई. पावसाच्या आधी मी येऊन पत्रा बघणार. आन् मला जिना चढायची खोली नको, खालचीच दे."

"बरं आबा," तो म्हणाला. एवढंच.

खरी भांडणं त्यानंतर झाली आणि ती बायकोनं काढली. म्हशीचं काय? परड्यातल्या पावट्याचं काय? देवाला दिवा कोण लावणार? तुमच्या एका शब्दावर घर सोडायला मी काय खुळी हाय? आठवडाभर ऐकून घेतलं. चुलतभावाच्या सुनेला म्हैस दिली, परडं दिलं, दिवा सोपवला. मी ठरवलंय ते ठरवलंय म्हणालो. माझ्या हट्टाबद्दल गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही, आणि मीही खरं कारण कुणाला सांगितलं नाही. म्हातारा पायामुळं खाली गेला म्हणतात. म्हणू देत.

निघालो त्या दिवशी मुलगा गाडी चालवत होता, नात त्याच्या शेजारी पुढं. आम्ही दोघं मागं. पायाशी गाठोडी, हिच्या मांडीवर देवाची पेटी. गाव दिसेनासं होईतो ही काचेतनं मागं बघत होती. मला वाटलं आता रडणार, आणि रडली तर मी गाडी फिरवायला लावणार, इतकं माझ्या मनात आलं होतं. मग घाटाचं वळण आलं, तिची मान माझ्या खांद्यावर पडली. मला वाटलं वळणामुळं. वळण संपलं तरी मान तिथंच. तोंड थोडं उघडं, श्वास खोल. भर दिवसा. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी या बाईला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं, आणि रात्री तर मीच आधी झोपायचो. झोपल्यावर ती कशी दिसते हेच मला माहीत नव्हतं. लहान दिसते. नव्यानं आली होती तेव्हा दिसायची तशी.

"हॉर्न वाजवू नको," मी मुलाला म्हणालो.

"आबा, घाटात हॉर्न न वाजवता कसं चालेल?"

"मग हळू चालीव."

पाटण गेलं. बाजार होता, गाडी थांबत थांबत निघाली, लोक काचेवर थापा मारून पुढं जात होते. उठली नाही. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून शेजारनं गेले, उठली नाही. कराड आलं, कोयनेचा पूल झाला, हायवेला लागलो. देवाची पेटी घसरायला लागली तशी मी ती हळूच माझ्या मांडीवर घेतली. माझा खांदा अवघडला होता आणि डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी हललो नाही.

मलकापूरला दारात गाडी थांबली. सून पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन बाहेर आली, शेजारच्या दोघीतिघी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मुलानं मागचं दार उघडलं.

"आईला उठवतो," तो म्हणाला.

"हात लावायचा न्हाई."

"आबा, ऊन येतंय. आत खाट घातलीय. आत जाऊन झोपू दे की नीट."

"उठली की झोप मोडली. मग ती आत गेल्यावर स्वयंपाकाला लागंल. तुज्या आईला तू वळखत न्हाईस?"

सून तांब्या घेऊन तशीच उभी होती. नातीनं काचेवर आपली ओढणी अडकवली, ऊन थांबलं. शेजारणी विचारत होत्या, म्हातारीला बरं नाही का. नात त्यांना म्हणाली, "बरंय, झोपलीय."

मुलगा अजून दाराला धरून उभा. "आणि तुम्ही?"

"मी बसलोय न्हवं," मी म्हणालो. "तुमी जेवून घ्या. दार हळू लाव."